एका डॉलरचं खरेदीखत

२८ एप्रिल १९५३ ला अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात एक खरेदीखत झालं. विकणारी हूकर इलेक्ट्रोकेमिकल कंपनी, घेणारं शहराचं शाळा मंडळ, जमीन १६ एकर आणि किंमत एक डॉलर. खरेदीखताच्या शेवटी कंपनीने लिहून ठेवलं होतं, की ही जमीन रसायनांच्या कारखान्यातल्या टाकाऊ मालाने भरलेली आहे, घेणाऱ्याला हे सांगितलेलं आहे, आणि पुढे कुणाला इजा झाली किंवा कुणी दगावलं तर कंपनीवर दावा लावता येणार नाही.

शाळा मंडळाने सही केली. दोन वर्षांत त्या जागेवर शाळा सुरू झाली आणि सुमारे ४०० मुलं तिथे शिकू लागली.

घातक कचऱ्याशेजारी राहणाऱ्या माणसाला किती धोका आहे, हे आज जगभर ज्या पद्धतीने मोजलं जातं, तिचा मोठा भाग या एका जमिनीच्या भांडणातून आला. पण मोजून काय होतं आणि काय होत नाही, हे समजायला ही गोष्ट पहिल्यापासून बघावी लागते.

खड्डा

ही जमीन म्हणजे मुळात एक अर्धवट राहिलेला कालवा. १८९० च्या दशकात विल्यम लव्ह नावाच्या माणसाला नायगारा नदीच्या वरच्या आणि खालच्या पात्राला जोडणारा कालवा खोदायचा होता. पाण्याच्या धारेवर वीज तयार होईल आणि विजेभोवती एक आदर्श शहर वसेल, असं त्याचं गणित होतं. तेव्हाची डीसी वीज लांब नेता येत नसे, त्यामुळे कारखान्यांनाच विजेपाशी यावं लागेल यावर सगळा हिशोब उभा होता. मग मंदी आली. पाठोपाठ एसी वीज तारांवरून लांब धावू लागली आणि लव्हचा धंदा बसला. मागे उरला एक किलोमीटरच्या आसपास लांबीचा खड्डा आणि त्याचं नाव, लव्ह कनाल. आसपासची मुलं उन्हाळ्यात त्यात पोहायची, हिवाळ्यात बर्फावर स्केटिंग करायची.

१९४२ पासून हूकर कंपनीने या खड्ड्यात कचऱ्याची पिंपं टाकायला सुरुवात केली. ११ वर्षांत सुमारे २१,००० टन. त्यात लिंडेन होतं, क्लोरोबेंझिन होतं, आणि ट्रायक्लोरोफिनॉल होतं, ज्याच्यासोबत डायॉक्सिन येतं. खड्डा चिकणमातीचा होता, वरूनही मातीचा थर दिला गेला. त्या काळाच्या मानाने ही काही बेफिकीर पद्धत नव्हती. ती बेकायदेशीरही नव्हती, कारण असा कायदाच नव्हता.

इथे एक सोपा खलनायक शोधायचा मोह होतो. पण १९५४ साली शाळेचा पाया खोदताना रसायनांच्या पिंपांनी भरलेले दोन खड्डे सापडले, तेव्हा मंडळाने काम थांबवलं नाही, इमारत थोडी बाजूला सरकवली. १९५७ मध्ये मंडळ उरलेल्या जमिनीचा काही भाग बिल्डरांना विकायच्या विचारात होतं, तेव्हा हूकर कंपनीच्याच वकिलाने बैठकीत येऊन तिथे बांधकाम करू नका असं सांगितलं. म्हणजे माहिती सगळ्यांकडे होती. कंपनीकडे होती, मंडळाकडे होती. ज्यांनी आजूबाजूला घरं घेतली, त्यांच्याकडे मात्र नव्हती. त्यांच्या खरेदीखतात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

मग रस्ते आले, ड्रेनेजच्या लाईनी आल्या, एक एक्स्प्रेस वे आला. प्रत्येक खोदकामात चिकणमातीची भिंत कुठे ना कुठे फुटली. वरचा थर फाटल्यावर पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी आत शिरू लागलं. खाली मुरायला जागा नाही, त्यामुळे खड्डा बाथटबसारखा भरत गेला आणि १९७० च्या दशकातल्या जोरदार हिमवर्षावांनंतर काठोकाठ भरून बाहेर सांडू लागला. लोकांच्या तळघरांच्या भिंतींमधून काळा चिकट द्राव पाझरू लागला. अंगणात गंजलेली पिंपं वर आली. मुलं मैदानात सापडणारे फॉस्फरसचे खडे जमिनीवर आपटून ठिणग्या उडवायची, त्यांना ती ‘आगीचे दगड’ म्हणायची.

नकाशा

१९७८ साली नायगारा गॅझेट या स्थानिक वर्तमानपत्रात या कचऱ्याबद्दल बातम्या येत होत्या. त्या वाचणाऱ्यांत लोइस गिब्ज ही २७ वर्षांची गृहिणी होती, म्हणजे आज हा लेख लिहिणाऱ्याच्याच वयाची. तिचा मुलगा त्या शाळेत जात होता आणि त्याला फिट्स येऊ लागल्या होत्या. तिने शाळा बदलून मागितली, मिळाली नाही. मग ती घरोघरी सह्या गोळा करत फिरू लागली, आणि प्रत्येक दारात तिला सहीबरोबर आजारांच्या गोष्टी मिळत गेल्या.

२ ऑगस्ट १९७८ ला राज्याचे आरोग्य आयुक्त रॉबर्ट व्हेलन यांनी आणीबाणी जाहीर केली. गर्भवती स्त्रिया आणि दोन वर्षांखालची मुलं यांनी परिसर सोडावा, शाळा बंद ठेवावी. राज्याच्या पाहणीत कनालला लागून असलेल्या घरांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं होतं. पाचच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी केंद्रीय आणीबाणी जाहीर केली आणि पहिल्या दोन रांगांमधल्या सुमारे २४० कुटुंबांची घरं सरकारने विकत घेतली. त्या घरांभोवती तारेचं कुंपण घातलं गेलं.

आता विचार करा. कुंपणाच्या आत राहणं घातक म्हणून सरकारने लोक हलवले. कुंपणाला लागून, रस्त्याच्या पलीकडे राहणाऱ्या सात-आठशे कुटुंबांना सांगितलं की तुम्हाला काही धोका नाही. रसायनाला कुंपण कळतं का?

हा प्रश्न गिब्जने विचारला, आणि मग उत्तर शोधायला शहराचा नकाशा घेतला. घरोघरी फोन करून गोळा केलेल्या प्रत्येक आजाराची एकेक खूण तिने नकाशावर केली. खुणा कनालभोवती गोल पसरल्या नव्हत्या, त्या विशिष्ट रेषांमध्ये जमा होत होत्या. जुन्या रहिवाशांना विचारल्यावर कळलं, की घरं बांधायच्या आधी तिथून ओढे वाहायचे. ते बुजवले होते, पण पाणी जुनी वाट विसरलं नव्हतं.

बफेलोच्या रॉझवेल पार्क कॅन्सर संस्थेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञ बेव्हर्ली पेगन यांनी ही माहिती तपासली, नीट मांडली आणि राज्याला दिली. ओढ्यांच्या जुन्या पाटांवरच्या ‘ओल्या’ घरांमध्ये गर्भपात आणि जन्मजात व्यंगं जास्त आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. राज्याच्या आरोग्य खात्याने ते ‘गृहिणींचा डेटा’ म्हणून उडवून लावलं. पण खात्याने स्वतः पुन्हा आकडे बघितले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये नवे आयुक्त डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉड यांना कुंपणाबाहेरच्या गर्भवती स्त्रिया आणि दोन वर्षांखालची मुलं यांनाही तात्पुरतं हलवण्याची शिफारस करावी लागली. १९८४ साली तर राज्याच्याच संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं, की कचरा टाकला जात होता त्या काळात या ओढ्यांच्या पाटांवर कमी वजनाची बाळं जास्त जन्मली होती.

या नकाशातही सगळे नव्हते, हेही सांगायला हवं. कनालजवळच ग्रिफन मॅनर नावाची सरकारी भाड्याच्या घरांची वसाहत होती. तिथले बहुतेक रहिवासी कृष्णवर्णीय होते. घरमालकांच्या संघटनेचा लढा घरांच्या किमतीभोवती फिरत होता, आणि ज्याचं घरच नाही त्याचं नुकसान कशात मोजायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. भाडेकरूंना स्वतःची वेगळी संघटना काढावी लागली.

सहा बाळं

राज्याचे शास्त्रज्ञ सगळे लबाड होते का? नाही. त्यांची अडचण खरी होती आणि ती गणितातली होती.

एक हिशोब करून बघू. समजा एखाद्या भागात दर १०० बाळांमागे ३ बाळांना जन्मजात व्यंग असणं नेहमीचं आहे. आता एका छोट्या वस्तीत काही वर्षांत १०० बाळं जन्मली आणि त्यातल्या ६ जणांना व्यंग आहे. म्हणजे दुप्पट! पण काहीही विष नसताना निव्वळ योगायोगाने ६ किंवा अधिक येण्याची शक्यता सुमारे ८ टक्के निघते. संशोधनात साधारणपणे ती ५ टक्क्यांच्या खाली असेल तरच निष्कर्ष ‘सिद्ध’ धरतात. म्हणजे दुप्पट व्यंगं असूनही अहवालात लिहिलं जाणार, ‘संबंध सिद्ध झाला नाही’. तेच प्रमाण १०,००० बाळांत दिसलं असतं, ३०० च्या जागी ६००, तर शंकेला जागाच उरली नसती.

कचऱ्याशेजारच्या वस्त्या मात्र जवळपास नेहमी लहानच असतात. म्हणजे ही परीक्षा अशी, की तिथे खरोखर नुकसान झालेलं असलं तरी बहुतेक वेळा नापासच व्हायचं. ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ ‘मोजायला माणसं कमी पडली’ असाही असू शकतो. पण वर्तमानपत्राच्या मथळ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं ‘धोका नाही’ झालेलं असतं.

घाईत उलटी चूकही होते. मे १९८० मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, जाहीर केलं की तपासलेल्या ३६ रहिवाशांपैकी ११ जणांच्या गुणसूत्रांत बिघाड आढळला आहे. तुलनेसाठी दुसऱ्या ठिकाणचे लोक तपासलेच नव्हते, त्यामुळे अभ्यासावर टीकेची झोड उठली. पण ज्यांना ही बातमी कळली त्यांना तुलनात्मक गटाशी काय घेणं? दोन दिवसांनी संतापलेल्या रहिवाशांनी ईपीएच्या दोन अधिकाऱ्यांना संघटनेच्या कार्यालयात काही तास कोंडून ठेवलं. आणखी दोन दिवसांनी, २१ मे ला, कार्टर यांनी दुसरी आणीबाणी जाहीर केली आणि उरलेल्या सुमारे ७०० कुटुंबांना बाहेर पडायची वाट मोकळी झाली.

लव्ह कनालचा निर्णय पुराव्याने झाला नाही, तो दबावाने झाला. हे ऐकून विज्ञानावर विश्वास असणाऱ्या माणसाला बरं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. पण पुरावा यायला किती वेळ लागला असता? आरोग्य खात्याचा दीर्घ अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला. एकूण मृत्यूंचं प्रमाण राज्याच्या सरासरीसारखंच निघालं, मुलांमधली जन्मजात व्यंगं काहीशी जास्त दिसली, आणि संख्या लहान असल्याने ठाम काही म्हणता आलं नाही. १९७८ सालच्या गर्भवती बाईला या अहवालासाठी ३० वर्षं थांबावं लागलं असतं.

२८.५

११ डिसेंबर १९८० ला कार्टर यांनी ‘सुपरफंड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. रसायन आणि तेल उद्योगांवर कर लावून मुख्यतः त्यातून पाच वर्षांसाठी १.६ अब्ज डॉलरचा निधी उभा करायचा आणि सोडून दिलेल्या जागा साफ करायच्या. ज्याने कचरा केला त्याने भरायचं, अगदी तेव्हा ते कायदेशीर असलं तरी. एक डॉलरच्या खरेदीखतातल्या त्या शेवटच्या परिच्छेदाला दिलेलं हे उत्तर होतं. हूकरची मालक असलेल्या ऑक्सिडेंटल कंपनीने पुढे १९९४ मध्ये राज्याला ९.८ कोटी आणि १९९५ मध्ये केंद्राला १२.९ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

आता प्रश्न असा, की देशभरातल्या हजारो जागांपैकी आधी कुठली घ्यायची? त्यासाठी गुण देण्याची पद्धत आली. कचरा किती, किती विषारी, पाण्यापर्यंत पोचतो का, जवळ माणसं किती. शंभरपैकी २८.५ किंवा जास्त गुण मिळाले, की जागा राष्ट्रीय प्राधान्य यादीत.

२८.५ च का? कारण कायद्याला यादीत किमान ४०० जागा हव्या होत्या, आणि रेष २८.५ वर ओढली की तेवढ्या बसत होत्या. २८ गुणांची जागा सुरक्षित आहे असं कुठल्याही शास्त्रज्ञाने म्हटलेलं नव्हतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यात नवल वाटत नाही. सर्व्हरच्या अलर्टचा थ्रेशोल्डही बऱ्याचदा रात्री जागणाऱ्या टीमला किती अलर्ट झेपतात यावरूनच ठरतो. फरक एवढाच, की आमच्याकडे रेषेखाली लॉग असतात, इथे माणसं होती.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या सगळ्या कामाला एक शिस्त दिली. लाल मुखपृष्ठामुळे ‘रेड बुक’ म्हटल्या जाणाऱ्या अहवालात जोखीम मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. पदार्थ घातक आहे का? किती मात्रेला किती अपाय होतो? प्रत्यक्ष माणसांपर्यंत किती पोचतो? आणि या तिन्हींवरून एकूण जोखीम किती? यातली तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. पोलादी टाकीत बंद असलेलं विष घातक आहे, पण ते कुणाच्या पोटात जात नाही तोवर जोखीम नाही. विष कुठून निघालं, कशातून वाहिलं, कुठे गाठ पडली, शरीरात कसं शिरलं आणि ते शरीर कुणाचं, ही साखळी पूर्ण व्हावी लागते. साखळीची एक कडी तोडली तरी माणूस वाचतो. नळाचं स्वच्छ पाणी देणं हीसुद्धा एक कडी तोडणंच आहे.

त्याच अहवालाने दुसरी गोष्ट ठासून सांगितली. जोखीम मोजणं आणि जोखमीचं काय करायचं ते ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं शास्त्रज्ञांचं. दुसऱ्यात पैसा, कायदा, न्याय आणि लोकांचं म्हणणं येतं. किती जोखीम चालेल, हे कुठल्याही प्रयोगशाळेत सापडत नाही.

मोजण्यातही गृहीतकं असतात. ईपीएच्या पद्धतीतला २०१४ पर्यंतचा ठरीव माणूस ७० किलोचा, रोज दोन लिटर पाणी पिणारा, वर्षातले ३५० दिवस घरी असणारा होता. लहान मूल रोज २०० मिलिग्रॅम माती पोटात घालतं असं धरलेलं आहे. हे वाईट आकडे नाहीत, कुठून तरी सुरुवात करावीच लागते. पण मे महिन्यात बांधकामावर विटा वाहणारी बाई किती पाणी पिते? डिफॉल्ट व्हॅल्यू कुणाला डोळ्यांपुढे ठेवून भरली, हे विचारल्याशिवाय उत्तर वाचू नये.

भोपाळ

१९८६ मध्ये सुपरफंड कायद्याची सुधारणा झाली. तिने दोन गोष्टी आणल्या. पहिली, यादीतल्या प्रत्येक जागेजवळच्या लोकांच्या आरोग्याचं मूल्यमापन सक्तीचं झालं, आणि कुणीही सामान्य नागरिक अर्ज करून ते मागू शकेल अशी तरतूद झाली. हे लव्ह कनालचं देणं. दुसरी, आपल्या शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय आणि काय बाहेर सोडलं जातंय हे कळण्याचा लोकांचा हक्क. हे भोपाळचं देणं. ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे युनियन कार्बाइडच्या कारखान्याभोवती हजारो माणसं मेली आणि अमेरिकेला आपल्या कारखान्यांची भीती वाटली.

भोपाळमुळे अमेरिकेतल्या शेजाऱ्यांना हक्क मिळाला. भोपाळच्या शेजाऱ्यांचं काय झालं?

वायूच्या आधीपासून त्या कारखान्याचा कचरा आवारात पुरला जात होता आणि बाहेरच्या तळ्यांमध्ये सोडला जात होता. कारखाना बंद पडला, कचरा तिथेच राहिला. १९९९ मध्ये ग्रीनपीसला माती आणि भूजलात पारा आणि क्लोरीनयुक्त रसायनं सापडली. शेजारच्या वस्त्या हातपंपांचं पाणी पीत होत्या. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्वच्छ पाणी द्यायचा आदेश दिला. सप्टेंबर २००९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तिथला कचरा हातात घेतला आणि मी जिवंत आहे, खोकतही नाही, असं सांगितलं. मिनिटभर हातात धरणं आणि वीस वर्षं पोटात जाणं यातला फरक म्हणजेच ती तिसरी पायरी. त्याच वर्षी सीएसईच्या तपासणीत कारखान्याबाहेरच्या भूजलात कीटकनाशकं सापडली.

नागपूरच्या नीरी आणि हैदराबादच्या एनजीआरआय या संस्थांनी २०१० मध्ये अंदाज दिला, की आवारातली सुमारे ११ लाख टन माती दूषित आहे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून जो कचरा बंद कंटेनरमधून पीथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून संपवला, तो ३३७ टन होता. ११ लाखांपुढे ३३७ म्हणजे हजारातला एक भागही नाही. आणि हा ३३७ टन कोणता? जो आधीच गोळा करून शेडमध्ये ठेवलेला होता, ज्याची पाण्याशी साखळी तुटलेली होती. साखळी चालू आहे ती जमिनीत. ट्रकांची रांग टीव्हीवर दिसते, भूजल दिसत नाही. तिकडे पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, कारण त्यांनाही कुणी आधी विश्वासात घेऊन काही सांगितलं नव्हतं. ४० वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न, फक्त गाव वेगळं.

जुलै २०२५ मध्ये आपल्याकडे दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. संशयित जागांची यादी, तपासणी, प्रदूषण करणाऱ्याकडून खर्चाची वसुली, हे सगळं त्यात आहे. सुपरफंडनंतर ४५ वर्षांनी का होईना, पण आले. संशयित जागांची यादी करायची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आहे. ती यादी खुर्चीत बसून होते की घरोघरी जाऊन, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

पंप चालू आहे

लव्ह कनालच्या उत्तरेकडची काही घरं १९९० मध्ये पुन्हा विकायला काढली, वस्तीला ब्लॅक क्रीक व्हिलेज असं नवं नाव दिलं. २००४ मध्ये ती जागा प्राधान्य यादीतून निघाली. पण कचरा कुठेही गेलेला नाही. २१,००० टन तिथेच आहेत, वर जाड आवरण, भोवती कुंपण, आणि कडेने पाझरणारं पाणी उपसून शुद्ध करणारे पंप. ते पंप आजही चालवावे लागतात. जोखीम संपत नाही, ती सांभाळावी लागते, आणि सांभाळणारा थकला की ती परत येते.

एखाद्या एमआयडीसीच्या मागच्या बाजूला नवी सोसायटी होत असेल, फ्लॅट स्वस्त असेल, तर आपण पाण्याचा टीडीएस विचारतो आणि समाधान मानतो. टीडीएसमध्ये क्लोरोबेंझिन कळत नाही. त्यापेक्षा शेजारच्या जुन्या माणसाला विचारावं, इथे आधी काय होतं, ओढा कुठून जायचा, त्यात कोण काय सोडायचं. गिब्जच्या नकाशात राज्याच्या सगळ्या यंत्रांपेक्षा एक गोष्ट जास्त होती. तिने राहणाऱ्यांना विचारलं होतं.